आईची शपथ आणि मोडेम

आमच्या घरात फोनचा रिसीव्हर नीट जागेवर नसला तर आई हातातलं काम टाकून उठून येते. तिला ते आतून कसं कळतं, ते मला कळलेलं नाही. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. रिसीव्हर बाजूला पडून राहिला की लाइन अडते, एक्स्चेंजमध्ये दिवा लागतो आणि कोणाला तरी सायकल काढून त्या घरी जाऊन बघावं लागतं. चौल आणि आसपासच्या वाड्यांत तो कोणीतरी म्हणजे बाबाच. म्हणून लग्न होऊन आल्यापासून आईला ही सवय. आता बाबा निवृत्त आहेत, एक्स्चेंजमध्ये दिवा बघायला कोणी बसत नाही, आणि आमच्या आळीत तांब्याच्या तारेवरचा फोन फक्त आमच्या घरात उरला आहे. तरी ती उठून येते आणि म्हणते, "कुनी ठेवला असा?"

त्याच तारेवरून आमच्याकडे इंटरनेट येतं, फोन आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालतात. शेजाऱ्यांनी फायबर घेतलं तेव्हा मी एकदा विचारून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, "तांब्याला हात लावला की कळतं काय झालंय ते. काचेला काय विचारनार?" मग मी पुन्हा विचारलं नाही. मी घरून काम करते, एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम जमतं. घरात इंग्रजी माध्यमात गेलेली मी एकटीच. शाळा अलिबागला, रोज एसटीने. त्यामुळे लहानपणापासून कुठलीही वस्तू आली की तिचं माहितीपुस्तक माझ्या हातात पडायचं. मिक्सरचं, पंपाचं, मोडेमचं.

मोडेमचं मी दोनदा वाचलं आहे. एकदा तो आला तेव्हा, आणि एकदा ताई गेल्यावर.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही शाळेत असताना बाबांनी एक जुना कंप्युटर आणला होता, त्याच्यात आधीच्या मालकाचा एक खेळ राहून गेला होता. दोन बेटं, मध्ये समुद्र, प्रत्येकाच्या पाच बोटी. आळीपाळीने एकेक बोट हलवायची आणि दुसऱ्याच्या बंदरात शिरायचं. दुसऱ्याच्या बोटी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. खेळ तेव्हाच जुना होता. सुरुवातीलाच तो विचारायचा, की दोघं कसे खेळणार: एकाच कंप्युटरवर, केबलने, मोडेमने की नेटवर्कवर. ताईला कॉलेजसाठी लॅपटॉप मिळाला तेव्हा बाबांनी बाहेरच्या खोलीतून मागच्या पडवीपर्यंत तार ओढून दिली. टोकं स्वतः जोडली. मग ते एकदा पडवीत यायचे, एकदा बाहेर जायचे आणि दोघींना विचारायचे, "आलं का?" त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त दोन्हीकडून होकार हवा होता.

ताई नोकरीला लागून कामोठ्याला राहायला गेली तेव्हा आम्ही तोच खेळ दर शनिवारी चार वाजता मोडेमवरून खेळायला लागलो. तिच्याकडे केबलवाल्याचं इंटरनेट होतं, एका नंबरावर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावर, अख्खी बिल्डिंग. तसल्या ठिकाणी बाहेरून कोणाला आत शिरता येत नाही. मोबाइलच्या इंटरनेटचंही तेच. त्यामुळे डाव मांडायचा तो इकडे, आमच्या घरी, आणि तिकडून यायचं ताईने. त्यातही एक अडचण होती. आमचा मोडेम बंद होऊन सुरू झाला की त्याचा नंबर बदलायचा, आणि नंबर माहीत असल्याशिवाय तिला येता येत नव्हतं. मग एका सुट्टीत ताई येऊन मोडेमपुढे दोन तास बसली. तिने अशी सोय केली, की नंबर बदलला की मोडेमने तो स्वतःहून एका नावाखाली कळवायचा, आणि तिने तिकडून फक्त ते नाव टाकायचं. त्या सोयीचा पासवर्ड तिच्याकडेच होता. मी मागितला नाही. ती कुठे जाणार होती?

तीन वर्षांपूर्वी तिने लग्न ठरवल्याचं घरी सांगितलं. मुलगा रोह्याकडचा, शिक्षक, बौद्ध कुटुंबातला. आई त्याला कधी भेटली नव्हती. भेटायची गरज तिला वाटली नाही. त्या दोन दिवसांत घरात काय काय बोललं गेलं ते मी लिहिणार नाही. त्यातलं बरंचसं माझ्या आईने तिच्या आईकडून ऐकलेलं होतं आणि ते तसंच्या तसं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई बॅग घेऊन निघाली. ती पायरीवर वाकून चपलेचा पट्टा लावत होती. आईने माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ हाय तुला. हिला फोन करायचा न्हाय. मेसेज करायचा न्हाय. हिच्या दारात जायचं न्हाय."

ताईने पट्टा लावला आणि सरळ झाली. बाबा फाटकाशी उभे होते. त्यांच्या डोक्यावर कोणी कोणाचा हात ठेवला नाही. बाबांना वेगळं सांगावं लागत नाही, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात.

आईच्या केसांना तेल लावलेलं होतं. ते माझ्या तळहाताला लागलं, मी नंतर साबणाने धुतलं.

शपथ मी पाळली. मोडली तर आईला काही होईल, असं मला वाटत नव्हतं. तसं मी शाळेत असतानाही मानलं नसतं. पण मी पाळली, कारण पाळायला काहीच करावं लागत नव्हतं. फोन करायचा नाही, मी केला नाही. मेसेज करायचा नाही, मी केला नाही. एरवीही मी फारसं कोणाला करत नाही. दिवस जात होते. मला रडू येईल असं मला वाटलं होतं, ते आलं नाही.

तीनेक महिन्यांनी एका शनिवारी चार वाजता मी तो खेळ उघडला. का उघडला ते आठवत नाही. काम संपलं होतं, आई पडवीत सुपारी सोलत होती. मी डाव मांडला आणि तसाच ठेवला. पडद्यावर 'दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उघडझाप करत होती. मी चहा करून आणला. परत आले तर ओळ गेली होती. समोरच्या बेटावर दिवा लागला होता, आणि सगळ्यात छोटी बोट बंदरातून सरळ बाहेर येऊन मधल्या खडकाला टेकली होती. ताई लहानपणापासून डाव तसाच सुरू करते. ती चाल चुकीची आहे. मी तिला तसं शंभर वेळा सांगितलं होतं.

मी माझी बोट हलवली. चहा गार झाला.

त्या खेळात खाली एक चौकट आहे, तिच्यात अक्षरं टाइप करून समोरच्याला पाठवता येतात. आम्ही तिच्यात कधी काही लिहिलं नाही. ताईने शपथ ऐकलेली होती, पायरीवर वाकलेली असताना. चौकटीत लिहिलं तर तो मेसेज झाला असता. बोट हलवणं हा मेसेज नव्हता. आम्ही दोघींनीही न बोलता हे असं ठरवून टाकलं. पुढची जवळजवळ तीन वर्षं दर शनिवारी चार वाजता ताई यायची, तासभर खेळायची आणि जायची. ती ठीक आहे एवढं मला कळायचं. एखाद्या शनिवारी ती फार वाईट खेळायची, तेव्हा तिच्याकडे काही तरी झालं असणार हेही कळायचं. काय ते कळायचं नाही.

या काळात मी जी कामं केली ती सगळी जोडणीची होती. पहिली अडचण पंपाची. शनिवारी चारच्या सुमाराला आई सुपारीच्या वाडीला पाणी लावायची. पंप सुरू झाला की क्षणभर दिवे मंद व्हायचे, मोडेम बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि डाव तुटायचा. मी वेगळा ॲडॅप्टर लावून पाहिला, लांब वायर आणून पाहिली. शेवटी बाबांच्या लक्षात आलं.

"हा शनवारचाच कसा बंद पडतो?"

"कामाचा कॉल असतो, तेव्हा कळतं बंद पडलेलं."

"शनवारी पन काम?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडेमचा पॉइंट दुसऱ्या फेजवर घेतला. पंप सुरू झाला तरी मोडेमला काही होईना.

दुसरी अडचण खाऱ्या हवेची. आमच्याकडे समुद्र चालत वीस मिनिटांवर आहे आणि तांबं टिकत नाही, हिरवं पडतं. दुसऱ्या पावसाळ्यात तर मी बोट हलवायची, ती मध्येच थबकायची, मग दोघींच्या पडद्यांवर वेगवेगळं दिसायला लागायचं. माझ्या पडद्यावर ताईची बोट खडकाशी, तिच्या पडद्यावर ती केव्हाच माझ्या बंदरात असणार. तशा गोंधळात खेळ स्वतःच बंद पडतो. मी मोडेमच्या पिना खोडरबराने घासल्या, व्हॅसलीन लावलं, ते बाबांनीच शिकवलेलं आहे. फरक पडला नाही. मग बाबा पावसातच शिडी घेऊन कोपऱ्यावरच्या खांबावर चढले. मी घरात रिसीव्हर कानाला लावून उभी.

"आता ऐक. खरखर हाय?" ते खांबावरून टेस्टच्या फोनवर विचारत होते.

"आहे."

"आता?"

"थोडी."

"थोडी म्हंजे हाय का न्हाय?"

"आहे."

अर्धा तास ते असं चाललं. खाली आले तेव्हा पूर्ण भिजले होते. आई म्हणाली, "खातं पगार देतं का अजून, खांबावर चढायचा?" बाबा डोकं पुसत म्हणाले, "पलीकडचा ठीक हाय म्हनत न्हाय तोवर उतरता येत न्हाय." ते नोकरीभर असंच करत आले. तक्रार कागदावर मिटवून ते कधी घरी आले नाहीत. रात्रीच्या जेवणाला उशीर झाला तो अशाच कोणाच्या तरी 'ठीक आहे'साठी.

मग मोडेम जळला. तो माझ्यामुळे जळला.

परतीचा पाऊस होता. बाबा दोन दिवसांसाठी बोर्ली पंचतनला गेले होते, आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे. खात्यातल्या त्यांच्या जुन्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी ढग गडगडायला लागले तशी आई घरभर फिरून प्लग काढायला लागली. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मोडेम. ती नेहमी काढते. पण मोडेममध्ये टेलिफोनची तार तशीच राहिली. वीज तारेतूनही येते, आणि आमच्यासारख्या घरात जास्त करून तारेतूनच येते, हे बाबांनी मला दहा वेळा सांगितलं आहे. आईला नाही सांगितलं, कारण तार काढायचं काम ते स्वतःच करतात. आई माझ्या खोलीतून प्लग काढून गेली. मी खुर्चीत बसून तारेकडे बघत होते. हात लांब केला असता तर पुरला असता.

मी केला नाही. मला वाटलं, जळला तर जळू दे. शनिवारी चार वाजता मग काही करावं लागणार नाही. हे मी तेव्हा स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं, म्हणून आठवतं. राग नव्हता. कंटाळाही नव्हता. पाय अंगाखाली दबून मुंग्या आल्यावर तो आपला वाटत नाही, तसं मला बरेच दिवस होत होतं.

वीज कुठे तरी वाडीच्या मागे पडली. मोडेममधून एकदाच टक् असा आवाज आला.

बाबा परत आले, त्यांनी मोडेम उघडला. आत एक काळा डाग होता.

"मी सगळे प्लग काढले होते," आई म्हणाली.

"तारेतनं आली. तार कोन काढनार?"

"तुमची तार मला काय ठाऊक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, तू घरात होतीस ना?"

"होते."

ते एवढंच विचारून थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पहिला शनिवार गेला. मी मोबाइलच्या इंटरनेटवर काम करत होते, ते चालत होतं. दुसरा शनिवार आला. चार वाजता मी जळलेल्या मोडेमसमोर बसले होते आणि ताईच्या पडद्यावर काय दिसत असेल ते मला माहीत होतं. ती नाव टाकत असेल, खेळ पाच-सात सेकंद शोधत असेल आणि सांगत असेल की पलीकडे कोणी नाही. ती पुन्हा टाकत असेल. मोडेम जळला हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. तिला एकच दिसणार होतं, की इकडून बंद झालं. आईने दार बंद केलं, बाबा काही बोलले नाहीत, आणि आता मीही.

तेव्हा मात्र मला दुखलं. फार नाही. मुंग्या जायला लागल्या की दुखतं तसं.

मी मोबाइल काढून तिचा नंबर उघडला. 'मोडेम जळला' एवढे दोनच शब्द लिहिले. पडवीतून आईचा सुपारी सोलण्याचा आवाज येत होता. तळहाताला तेल लागल्यासारखं वाटलं, खरं तर काही लागलं नव्हतं. मी ते शब्द पुसले.

बाबांनी बोर्लीच्या मित्राला फोन केला होता. त्याचं तिथल्या बाजारात दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्याने एक वापरलेला मोडेम रेवदंड्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवला. तिसऱ्या शनिवारी सकाळी तो घरी आला. बाबांनी तार जोडली, दिवे लागले. मी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन खेळासाठी लागणारी वाट उघडून दिली, ते मला येतं. पण नावाची सोय जुन्या मोडेममध्ये होती, आणि तिचा पासवर्ड ताईकडे. नवीन नाव मला काढता आलं असतं. ते तिला कळवणार कसं?

चार वाजायला आले तरी बाबा खोलीतून गेले नाहीत. भिंतीवरच्या फोनच्या डबीचे स्क्रू काढून आत बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मी डाव मांडला. ओळ उघडझाप करायला लागली.

"लागलं?" बाबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"इकडून लागलं."

"आनि तिकडून?"

ओळ उघडझाप करतच होती. त्यांनी स्क्रू तोंडात धरला होता, तो हातात घेतला.

"तिकडून का न्हाय?"

"नवीन मोडेमचा नंबर वेगळा आहे. तिकडे माहीत नाही."

"मग सांग."

"सांगता येत नाही."

बाबा वळले. ही माझी तीन वर्षांतली पहिली कबुली होती, आणि त्यांना ती नवीन नव्हती, हे त्यांच्या तोंडावरूनच दिसलं. पंपाच्या वेळेपासून माहीत असेल, किंवा त्याच्याही आधीपासून. खांबावर ते कोणासाठी भिजले हे त्यांना माहीत होतं.

"शपथ कुनाला घातली?" ते म्हणाले.

"मला."

"मला कुनी घातली न्हाय."

त्यांनी डबीचं झाकण बसवलं, एक स्क्रू घट्ट केला, दुसरा खिशात टाकला. मग फोन पुढे ओढला आणि नंबर फिरवला. डायरी बघितली नाही. हद्दीतल्या दीड-दोनशे घरांचे नंबर बाबांना पाठ आहेत, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मोबाइलचा एखादा पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिकडे बराच वेळ वाजत राहिलं. घराचा नंबर बघून ताई काय करत असेल, याचा मी विचार केला नाही. मी कागदावर मोडेमचा नंबर लिहून बाबांसमोर ठेवला.

"हॅलो," बाबा म्हणाले. त्यांचा कामावरचा आवाज मी किती तरी वर्षांनी ऐकला, जरा मोठा, जरा रुक्ष. "चौलहून बोलतोय. लाइन टेस्ट करतोय. ऐकू येतंय?"

तिकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. काही आलं की नाही तेही माहीत नाही. बाबा थांबले. मग पुन्हा, तसंच, "ऐकू येतंय का?"

मग म्हणाले, "हां. कागद घे. नंबर सांगतो तो लिही."

ते एकेक आकडा बोटाखाली धरून सांगत गेले. मधे टिंब आलं की टिंब म्हणत होते. सगळा सांगून झाल्यावर म्हणाले, "आता तू म्हन." आणि ऐकताना पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. "न्हाय. सात. परत म्हन." बोट शेवटपर्यंत गेलं.

"बरोबर. लाव आता. मी धरून हाय."

पडवीतला आवाज थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"कुनाचा फोन हाय?" आईने तिथूनच विचारलं.

"कंप्लेंट हाय," बाबा म्हणाले.

"तुमच्याकडं कोन कंप्लेंट करतं आता?"

"हाय एक जुनी."

पडद्यावरची ओळ गेली. समोरच्या बेटावर दिवा लागला.

"आली?" बाबांनी मला विचारलं.

"आली."

ते रिसीव्हरमध्ये म्हणाले, "इकडं आलीस." एरवी या ठिकाणी ते 'ठेवतो' म्हणतात. ते तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी रिसीव्हर टेबलाच्या कडेला आडवा ठेवला, फोनवर नाही, आणि हात धुवायला मागे निघाले. दारात थांबून मला विचारलं, "लाइट गेली की हा नंबर बदलनार?"

"हो."

"दर येळेला?"

"दर वेळेला."

"बरं," बाबा म्हणाले आणि गेले.

नवीन नावाची सोय केली तर नंबर दर वेळी सांगावा लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी लाइट जाते.

ताईची छोटी बोट बंदरातून बाहेर आली आणि खडकाला टेकली. रिसीव्हर माझ्या कोपरापासून हातभर लांब होता. त्यातून पंख्याचा आवाज येत होता, तिच्या खोलीतल्या. मग नाक ओढल्याचा. मी माझी बोट हलवली, आणि तिकडे तिने माउस दाबला तो आवाज मला रिसीव्हरमधून आधी ऐकू आला, बोट पडद्यावर नंतर हलली. मधे जेमतेम अर्धा सेकंद. लाइन चांगली होती.

तीन-चार चाली झाल्यावर आई आत आली. हातात सुपारीची टोपली होती, ती तिने खाटेखाली सरकवली. मग तिला रिसीव्हर दिसला. मी पडद्याकडे बघत राहिले. ती टेबलाशी आली. तिने रिसीव्हर उचलला. कानाला लावला नाही, नुसता हातात धरला, आणि फोनकडे पाहिलं. आतून पंख्याचा आवाज येत होता, तो तिलाही येत असणार.

माझी चाल होती. मी केली नाही.

आईने पदराने रिसीव्हरला लागलेलं पाणी का धूळ काही तरी पुसलं. तो टेबलाच्या अगदी कडेला होता, पडला असता. तिने तो आतल्या बाजूला, भिंतीलगत ठेवला, तसाच आडवा, आणि चहा टाकायला निघून गेली.